मनोरुग्णालयाच्या आवारातील दोन खुर्च्या : ‘मुक्तांगणची गोष्ट’ आणि प्रमुखपदावरील मनोविकारतज्ज्ञाचे समाधान

प्रास्ताविक

डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांचा जन्म जुन्नर तालुक्यातील ओतूरचा. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. ही पदवी घेऊनही ते वैद्यकीय व्यवसायात रमले नाहीत. ‘पूर्णिया’ (१९६९) या पुस्तकापासून सुरू झालेले त्यांचे लेखन मराठी समीक्षेने प्रामुख्याने रिपोर्ताज या लेखनप्रकाराच्या चौकटीत वाचले. त्यांच्या भाषेचा साधेपणा, निवेदकाने स्वतःला मागे ठेवण्याची सवय, उपेक्षित माणसांविषयीची आस्था यांची चर्चा पुष्कळ झाली. ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकाच्या वाट्याला मात्र समीक्षेपेक्षा कौतुकच अधिक आले. ‘प्रेरणादायी’ या एका विशेषणाने त्याची बोळवण झाली आणि व्यसनमुक्तीविषयक व्याख्यानात उल्लेखावयाचे पुस्तक एवढेच त्याचे स्थान उरले.

प्रस्तुत लेखात या पुस्तकाकडे वेगळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. शासकीय मनोरुग्णालयात नोकरी करणारी एक मनोविकारतज्ज्ञ एका संस्थेची प्रमुख होते, तेव्हा तिच्या कामाचे स्वरूप नेमके कसे बदलते आणि त्या बदललेल्या कामात तिला समाधान कशातून मिळते, या प्रश्नाचे मराठीतील बहुधा सर्वांत तपशीलवार उत्तर या पुस्तकात आणि ‘सुनंदाला आठवताना’ या त्याच्या सोबतीने वाचावयाच्या पुस्तकात आहे. ते उत्तर कितपत विश्वसनीय आहे, त्यात काय सांगितले गेले आणि काय झाकले गेले, हा येथील विवेचनाचा विषय होय.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून दूर होत्या. (हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले, महाराष्ट्र त्यांत नव्हता, ही बाब आपल्याकडील चर्चेत सहसा विसरली जाते.) मनोविकारतज्ज्ञांची संख्या लाख लोकसंख्येमागे एकही नाही, असे सर्वमान्य अनुमान आहे. अशा परिस्थितीत शासकीय सेवेतील तज्ज्ञ अनुभवाने मोठा झाला की त्याला अधीक्षक, कार्यक्रम अधिकारी किंवा विभागप्रमुख केले जाते. म्हणजेच ज्याने रुग्ण तपासावयाचे त्याच्या हाती फाइली येतात. या बदलात तो रमतो की कोमेजतो, यावर पुढे शेकडो रुग्णांचे भवितव्य अवलंबून असते. जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे.

समाधान मोजण्याची मोजपट्टी

नोकरीतील समाधान या विषयावरील संशोधनाचा पाया फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये घातला, असे सामान्यतः मानले जाते. वेतन, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक यांसारख्या गोष्टी वाईट असतील तर माणूस असमाधानी होतो, परंतु त्या चांगल्या असल्या म्हणून तो समाधानी होतोच असे नाही. समाधान येते ते कामाच्या अर्थातून, जबाबदारीतून आणि मान्यतेतून, असे त्यांच्या सिद्धान्ताचे सार आहे. रॉबर्ट कान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये भूमिकासंघर्ष आणि भूमिकासंदिग्धता या संकल्पना मांडल्या. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ पासून मदतनीस व्यवसायांतील भावनिक थकवा मोजण्याचे साधन रूढ केले. आपल्याकडील एम.फिल. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांत ही नावे इतक्या वेळा येतात की त्यांचा उल्लेख हा एक उपचारच झाला आहे.

प्रमुखपदावरील मनोविकारतज्ज्ञांविषयी अमेरिकेत विशेष अभ्यास झाले, यालाही कारण आहे. १९६३ च्या सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यानंतर तेथे नवी केंद्रे उघडली. प्रारंभी त्यांची सूत्रे मनोविकारतज्ज्ञांकडे होती. पुढील दोन दशकांत ती हळूहळू व्यवस्थापक आणि अन्य व्यावसायिकांकडे गेली आणि मनोविकारतज्ज्ञ औषधांच्या चिठ्ठ्या लिहिण्यापुरता उरला. त्यातून आलेल्या अस्वस्थतेच्या पार्श्वभूमीवर ज्युल्स रॅन्झ व सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वैद्यकीय संचालकपदी असलेले मनोविकारतज्ज्ञ हे केवळ रुग्ण तपासणाऱ्या सहकाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले. वरकरणी हे आश्चर्याचे वाटते. प्रशासन हा डॉक्टरांना जाच वाटतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. परंतु ज्याच्या कामात विविधता आहे आणि ज्याच्या शब्दाला संस्थेत वजन आहे, तो अधिक काम करूनही कमी थकतो, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे.

तथापि हा निष्कर्ष महाराष्ट्रात जसाच्या तसा आणणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील संचालक पद स्वीकारतो किंवा सोडतो. आपल्याकडील शासकीय तज्ज्ञाला ते पद सेवाज्येष्ठतेने येते. तेथे ‘प्रमुख’ म्हणजे काही सहकाऱ्यांचा गट चालविणारा. येथे प्रमुख म्हणजे मोठ्या वसतिस्थानाचा पालक. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या मंजूर खाटा २५४०. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील रुग्णालये धरून चारही ठिकाणच्या मिळून त्या ५६९५ होतात. अधीक्षकाच्या दिवसात रुग्णांइतकेच स्वयंपाकघर, कपडे धुणे, धान्याच्या निविदा, परिचरांची हजेरी, पळून गेलेल्या रुग्णाची पोलिसांत वर्दी, न्यायालयातील साक्ष आणि विधिमंडळातील प्रश्नांची उत्तरे असतात. येथे समाधानाची पाच बिंदूंची मोजपट्टी पुढे केली तर ‘बऱ्यापैकी समाधानी’ या रकान्यावर खूण होईल आणि त्या खुणेवरून काहीही कळणार नाही. म्हणूनच प्रश्नावलीपेक्षा कथनाकडे वळणे आवश्यक ठरते.

दोन नावे, दोन भूमिका

ज्या मनोविकारतज्ज्ञ स्त्रीची ही गोष्ट आहे, तिला व्यवसायात आणि सार्वजनिक जीवनात डॉ. अनिता अवचट म्हणून ओळखले जाई. अनिल अवचटांच्या पुस्तकांत मात्र ती सर्वत्र ‘सुनंदा’ आहे. नावांची ही जोडी वाचकाच्या इतकी सवयीची झाली आहे की तिचा अर्थ लक्षात घेतला जात नाही. अनिता हे पदावरील व्यक्तीचे नाव. तिच्या नावापुढे ‘डॉ.’ आहे, तिला वेतन आहे, वरिष्ठ आहेत, रजेचा अर्ज आहे. सुनंदा हे निवेदकाच्या मनातील, घरातील नाव. पुस्तक सुनंदाची गोष्ट सांगते आणि त्या ओघात अनिताच्या नोकरीची गोष्ट अर्धीच सांगते.

तरीही सांगितलेले अर्धे महत्त्वाचे आहे. अवचटांनी आपल्या संसाराची मांडणी लपविलेली नाही : पत्नीने नोकरी करावी आणि त्या वेतनावर घर चालावे, पतीने नोकरीचा पाश न घेता लेखन व सामाजिक काम करावे आणि मुलींचे करावे. मराठी वाचकाने या व्यवस्थेकडे पतीच्या त्यागाची किंवा कलंदरपणाची कथा म्हणून पाहिले. नोकरीतील समाधानाच्या दृष्टीने पाहिले तर तीच व्यवस्था वेगळी दिसू लागते. हर्झबर्ग यांच्या वर्गीकरणात वेतन हे समाधान देणारे कारण नव्हे, असमाधान टाळणारे कारण आहे. येथे मात्र त्या वेतनाने एका लेखकाचे स्वातंत्र्य विकत घेतले. शासकीय मनोरुग्णालयातील नोकरी कितीही कष्टाची झाली तरी ती सहज सोडता येण्याजोगी नव्हती. आणि त्याच वेळी त्या नोकरीचा अर्थ घराबाहेरही विस्तारलेला होता. पाठ्यपुस्तकातील दोन कप्पे या एका घरात एकमेकांत मिसळले आहेत.

१९८० च्या दशकाच्या मध्यात ‘गर्द’ म्हणजे ब्राउन शुगरचे व्यसन मुंबई-पुण्याच्या तरुणांत पसरले. अवचटांनी त्यावर केलेल्या लेखनातून ‘गर्द’ हे पुस्तक झाले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट त्याच्या पहिल्या संचालक झाल्या. म्हणजे एकाच आवारात एकाच व्यक्तीच्या वाट्याला दोन खुर्च्या आल्या : एक शासनाच्या उतरंडीतील, दुसरी तिने स्वतः घडविलेली. कान यांच्या परिभाषेत हा भूमिकासंघर्षाचा आदर्श नमुना ठरावा. पुस्तकात मात्र संघर्ष फारसा जाणवत नाही. निवेदक तो टाळतो की तो मुळात घडलाच नाही, हा समीक्षेपुढील कळीचा प्रश्न आहे.

अधिकार वाटून देणे

एर्विंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये मनोरुग्णालयाचे वर्णन ‘सर्वंकष संस्था’ असे केले. तिच्यात दोनच जाती असतात, ठेवणारे आणि ठेवलेले. एका जातीतून दुसरीत जाता येत नाही. गॉफमन यांचे हे विवेचन अधीक्षकाच्या असमाधानाचेही स्पष्टीकरण देते, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. जो केवळ ‘ठेवणारा’ असतो त्याला रुग्ण बरा होऊन घरी गेल्याचा आनंद क्वचितच भोगता येतो. घरचे न्यायला न आलेले रुग्ण मात्र त्याच्यापुढे वर्षानुवर्षे बसून असतात.

मुक्तांगणने नेमकी ही जातव्यवस्था मोडली. व्यसनातून बाहेर पडलेला रुग्ण तेथेच कार्यकर्ता आणि समुपदेशक झाला. कामाच्या वाटण्या, शिस्त, नव्या रुग्णाचे स्वागत ही कामे त्याच्याकडे गेली. या कल्पनेची पूर्वपीठिका आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे सारे काम व्यसनी माणसानेच व्यसनी माणसाला हात देण्यावर उभे आहे. इंग्लंडमध्ये मॅक्सवेल जोन्स यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर उपचारी समुदायाची कल्पना रुजविली. भारतातही अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि त्यांना उपचारात सहभागी करून घेतले. खाटा अपुऱ्या होत्या, कर्मचारी अपुरे होते. विद्यासागर यांनी त्या अभावातून पद्धत घडविली. मुक्तांगणचे नाते या परंपरेशी आहे, आणि अवचटांच्या पुस्तकात हा संदर्भ ठळक होत नाही, ही त्याची एक मर्यादा होय. वाचकाला असे वाटते की सारे काही एका स्त्रीच्या स्वभावातून उगवले.

प्रमुखपदाच्या समाधानाविषयी या कथनातून जे हाती लागते ते असे : डॉ. अनिता अवचट यांनी भूमिकांचा संघर्ष सहन केला नाही वा मिटविलाही नाही. त्यांनी प्रमुखाची भूमिकाच बदलून घेतली. आदेश देण्याचे काम त्यांनी शक्य तेवढे इतरांच्या हाती दिले आणि स्वतःकडे शिकविण्याचे, ऐकण्याचे आणि घसरलेल्याला पुन्हा आत घेण्याचे काम ठेवले. रुग्णांच्या पत्नींचा ‘सहचरी’ हा गट याच विचाराचा विस्तार आहे. व्यसनी पुरुषाच्या घरात मार खाणारी, पैशाची जुळवाजुळव करणारी स्त्री ही कुठल्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत ‘नातेवाईक’ एवढ्याच शब्दाने येते. येथे ती उपचाराचा भाग झाली. रॅन्झ यांच्या पाहणीतील विविधता आणि स्वायत्तता हे दोन्ही घटक येथे दिसतात, परंतु एक फरक आहे. अमेरिकेतील संचालकाला स्वायत्तता पदाने दिली. येथे ती पदाच्या बाहेर, पण पदाच्याच आवारात, उभी करावी लागली. शासकीय जागा, खाजगी देणगी, स्वयंसेवी विश्वस्त मंडळ आणि वेतनावरील तज्ज्ञ अशी ही जुळणी होती. ती सर्वत्र उभी राहू शकेल असे नाही. पु. ल. प्रत्येक रुग्णालयाच्या वाट्याला येत नाहीत.

माया आणि वैद्यकशास्त्र

पुस्तकाची सर्वांत मोठी शक्ती आणि सर्वांत मोठी उणीव एकाच ठिकाणी आहे. अवचट सुनंदाचे नेतृत्व मायेच्या भाषेत सांगतात. रुग्णांना ती आईसारखी वाटते, तिच्या शब्दाखातर ते बदलतात, ती रागावत नाही, विश्वास ठेवते. हे खोटे आहे असे म्हणण्याचे कारण नाही. मुक्तांगणमधून बाहेर पडलेल्या अनेकांनी स्वतंत्रपणे अशीच साक्ष दिली आहे. प्रश्न असा की मराठी सामाजिक गद्यात कर्तबगार स्त्री नेहमी आईच का होते? बाबा आमटे यांचे वर्णन करताना त्यांच्या योजकतेची, जिद्दीची, संघटनेची भाषा येते. स्त्री प्रमुख असली की तीच योजकता वात्सल्य या नावाने नोंदली जाते.

याने केवळ स्त्रीवादी समीक्षेचा मुद्दा उपस्थित होत नाही. व्यवसायाचे ज्ञानच कथनातून पातळ होते. दारू अचानक थांबविलेल्या माणसाला पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, कंप आणि ताप असलेली अवस्था उद्भवते व तिच्यावर उपचार झाले नाहीत तर मृत्यू ओढवू शकतो. अशा रुग्णाला ब-१ जीवनसत्त्व वेळेवर न दिल्यास स्मृतीची कायमची हानी होते. गर्दचे व्यसन सोडताना दोन-तीन दिवस असह्य वेदना होतात, पण त्या वेदनांनी निरोगी तरुण सहसा दगावत नाही. यांतला फरक ओळखणे, कोणाला मुक्तांगणात ठेवावयाचे आणि कोणाला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावयाचे ते ठरविणे, व्यसनाखाली दडलेला तीव्र नैराश्याचा किंवा छिन्नमनस्कतेचा आजार हेरणे, हे मायेने साधत नाही. त्यासाठी मनोविकारशास्त्राची पदव्युत्तर शिक्षणाची वर्षे आणि मनोरुग्णालयातील कामाचा अनुभव लागतो. डॉ. अनिता अवचट यांच्यापाशी ते होते, म्हणून त्यांना अधिकार वाटून देण्याचे धाडस करता आले. ज्याला धोका कुठे आहे हे ठाऊक असते, तोच निर्धास्तपणे दुसऱ्याच्या हाती किल्ल्या देतो.

हे ज्ञान कथनात मागे पडल्याने जो समज रूढ होतो, तो सामाजिक दृष्ट्या निरुपद्रवी नाही. व्यसनमुक्तीला प्रेम पुरते असे एकदा ठरले की प्रशिक्षित तज्ज्ञाच्या पदाची मागणी करण्याचे कारणच उरत नाही. गावोगावी उघडणाऱ्या, डॉक्टरविना चालणाऱ्या केंद्रांना याच समजाचा आधार मिळतो. अवचटांचा तो हेतू नव्हता, हे स्पष्ट आहे. त्यांचे सारे लेखन अशा भोंदूपणाच्या विरोधात आहे. परंतु पुस्तक लेखकाच्या हेतूबरहुकूम वाचले जातेच असे नाही.

समाधानाच्या संदर्भात आणखी एक मौन जाणवते. सुनंदा दीर्घकाळ कर्करोगाशी झुंजत काम करीत राहिली आणि १९९७ मध्ये तिचे निधन झाले. निवेदक हा प्रवास संयमाने सांगतो. ती पाने पुस्तकातील उत्कृष्ट पानांपैकी आहेत. परंतु आजारी प्रमुखाने कामावर येत राहणे हे समाधानाचे लक्षण की पर्याय नसल्याचे, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. तो विचारण्यासाठी स्वतः डॉ. अनिता अवचट यांचा शब्द हवा होता. उपलब्ध आहे तो प्रेम करणाऱ्या पतीचा शब्द. आणि प्रेम करणारा साक्षीदार हा समाधानाच्या बाबतीत सर्वांत कमी तटस्थ असतो. जी गोष्ट मास्लाक यांच्या मोजपट्टीने निसटते, तीच येथे भक्तीने निसटते.

शेजारची इमारत

मुक्तांगण पुढे येरवड्यातच स्वतःच्या वास्तूत गेले. संस्थापक संचालिकेनंतर तिची सूत्रे मुक्ता पुणतांबेकर यांच्याकडे आली. त्या मानसशास्त्रज्ञ आहेत, मनोविकारतज्ज्ञ नव्हेत. अमेरिकेत जे स्थित्यंतर व्यवसायांच्या स्पर्धेतून घडले, ते येथे वारशातून आणि गरजेतून घडले व संस्था टिकली, वाढली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ (अंमल मे २०१८ पासून) मध्येही आस्थापनेच्या प्रमुखाचा उल्लेख ‘वैद्यकीय अधिकारी किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक’ असा जोडीने येतो. प्रमुखपद ही मनोविकारतज्ज्ञाची मक्तेदारी राहिलेली नाही, हे कायद्यानेच मान्य केले आहे.

परंतु जुन्या आवारातील दुसरी, मोठी इमारत तेथेच राहिली, आणि तिचा अधीक्षकही. १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा, १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आणि आता २०१७ चा कायदा अशी तीन युगे त्या खुर्चीने पाहिली. प्रत्येक कायद्याने रुग्णाचे हक्क वाढविले, ते योग्यच झाले. आणि प्रत्येकाने खुर्चीवरील कागदही वाढविले. उदाहरणार्थ, स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णाला आधारासह दाखल केल्यास सात दिवसांच्या आत, आणि रुग्ण स्त्री वा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांच्या आत, पुनरावलोकन मंडळाला कळवावे लागते. हे संरक्षण अत्यावश्यक आहे. त्याची अंमलबजावणी करणारा मात्र तोच तज्ज्ञ आहे ज्याची बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असते. १९९९ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मनोरुग्णालयांच्या स्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. अशा प्रत्येक प्रसंगानंतर अधीक्षकाकडून खुलासे मागविले जातात. त्याच्या कामात गौरवाचा प्रसंग क्वचित, जबाबदारीचा रोज.

या माणसाला अवचट मिळाला नाही. मराठीत स्वयंसेवी संस्थेच्या संस्थापकाची गोष्ट सांगण्याची समृद्ध परंपरा निर्माण झाली. अवचटांच्या ‘कार्यरत’सारख्या पुस्तकांनी ती घडविली. शासकीय संस्था वीस-पंचवीस वर्षे धड चालविणाऱ्याची गोष्ट सांगण्याची तशी परंपरा झाली नाही. संस्थापक हा नायक होतो. अधीक्षक हा पात्रही होत नाही, फार तर एखाद्या बातमीतील आरोपी होतो. इंग्रजीत रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी १९३९ मध्ये ‘ऑल टू ह्यूमन’ हे आत्मचरित्र लिहिले. ते वसाहतवादी अहंकाराने भरलेले आहे, तरी त्यात खुर्चीवरून दिसणारे जग आहे. मराठीत डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनातून मनोविकारतज्ज्ञाच्या संस्थाउभारणीचा अनुभव प्रथम पुरुषात येतो, ही समाधानाची बाब. परंतु १९९० मध्ये ठाण्यात त्यांनी स्थापन केलेली मानसिक आरोग्य संस्थाही शासकीय चौकटीबाहेरचीच आहे. मराठी वाचकाला संस्थेचा आरंभ आवडतो. तिची देखभाल त्याला कंटाळवाणी वाटते.

ओतूर ते येरवडा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून पाहिले असता ही चर्चा पुस्तकापुरती राहत नाही. नारायणगाव-मंचर पट्ट्यात द्राक्षे, टोमॅटो व कांदा यांनी पैसा आणला आणि त्या पैशाबरोबर बाजारभावाची अनिश्चितता व दारूही आणली. पश्चिमेकडे भीमाशंकर-डिंभे परिसरात महादेव कोळी वस्त्यांत हिरडा गोळा करून जगणाऱ्या कुटुंबांपुढे धरणाने झालेल्या विस्थापनाचा इतिहास आहे. मनाच्या आजाराची पहिली दाद येथे अद्यापही भगताकडे वा देवऋष्याकडे लागते. मानसिक आजाराच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी मनोविकारतज्ज्ञाची तपासणी लागते. ओतूरहून वा आहुप्याच्या घाटमाथ्यावरून निघालेल्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला पुण्याची खेप म्हणजे बुडालेली दिवसभराची मजुरी. मुक्तांगणात भरती व्हावयाचे तर मुक्काम पस्तीस दिवसांचा. ज्याच्या घरी गाईगुरे आहेत त्याला तेही जमत नाही.

१९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने आणि १९९६ पासून बेळ्ळारीच्या धर्तीवर सुरू झालेल्या जिल्हा कार्यक्रमाने यावर जो उपाय सुचविला, तो मुक्तांगणच्या पद्धतीशी आश्चर्यकारकरीत्या जुळतो : तज्ज्ञाने सर्व रुग्ण स्वतः तपासू नयेत, तालुक्यातील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या यांना शिकवावे, अवघड रुग्ण तेवढे स्वतःकडे घ्यावेत. म्हणजे जिल्ह्याचा मनोविकारतज्ज्ञ हा पदाने डॉक्टर आणि कामाने शिक्षक-संघटक. त्याचे शिक्षण मात्र एका खोलीत एका रुग्णासमोर बसून झालेले असते. प्रशिक्षणवर्ग, मासिक अहवाल, औषधसाठ्याची मागणी, तालुका दौरे या साऱ्याकडे तो आपल्या खऱ्या कामातील व्यत्यय म्हणून पाहतो, आणि त्याच्या असमाधानाचे मूळ बहुधा येथे आहे. डॉ. अनिता अवचट यांना किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देण्यात कमीपणा वाटला नाही, कारण ती माणसे त्यांच्यासमोर रोज होती. कोण टिकला, कोण घसरला हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. मंचरच्या वा घोडेगावच्या रुग्णालयातील डॉक्टराला दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन परतलेल्या जिल्हा तज्ज्ञाला आपल्या शिकविण्याचे पुढे काय झाले ते पाहावयास मिळत नाही. प्रशिक्षित अधिकाऱ्याची बदली झाली की तेवढेही उरत नाही. १४४१६ या क्रमांकावरील ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे व ती उपयुक्त आहे; पण फोनवर सल्ला देणाऱ्यालाही पलीकडचा माणूस दुसऱ्यांदा भेटेलच असे नाही.

अशा तज्ज्ञाचा अनुभव कोठे वाचावयास मिळेल, असा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारणे वावगे ठरू नये. त्याचे एक अनपेक्षित उत्तर जुन्या दप्तरांत आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील वेड्यांच्या रुग्णालयांचे वार्षिक अहवाल छापले जात. अधीक्षक त्यांत रुग्णांची संख्या, बरे होऊन गेलेले, मृत्यू, आहार, बागेतील उत्पन्न यांविषयी स्वतःच्या शब्दांत लिहीत, कधी जागा अपुरी असल्याची तक्रारही करीत. हे अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर खुले केले आहेत. ते इंग्रजीत आहेत, लिहिणारे गोरे अधिकारी आहेत आणि आकड्यांच्या तक्त्यांमध्ये त्यांचे शब्द विखुरलेले आहेत. नंतरच्या काळात अहवालांतून आकडे राहिले, शब्द गेले.